घाणेरी तोडली तरी पुन्हा येते? या चुका टाळा

घाणेरी किंवा टणटणी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून ती भारतात आली आणि बागांच्या कुंपणावरून पानझडी जंगलांत शिरली. कोयते घेऊन तिच्यावर मोहिमा निघतात, आणि दोन पावसाळ्यांत रान पुन्हा होतं तसं होतं. दोष बहुतेक वेळा कामाच्या पद्धतीत असतो, आणि त्याहून जास्त जागा नीट न पाहण्यात.

ऊन कुठून येतंय हे न पाहणं

घाणेरीला ऊन लागतं. झाडांच्या शेंड्यांनी आभाळ झाकलेल्या दाट सदाहरित जंगलात ती तग धरत नाही. तिथेच रस्ता काढला किंवा मोठी झाडं पडली, की मोकळ्या कडेला ती हमखास दिसते. साग, ऐन, धावडा यांचं विरळ रान, फुलोऱ्यानंतर वाळून गेलेली बांबूची बेटं, ओढ्याचे काठ, पडीक शेतांचे बांध या तिच्या आवडीच्या जागा. पाणी साचून राहणारी जमीन तिला मानवत नाही. जास्त चराईच्या रानात ती फोफावते, कारण गुरं गवत खातात आणि तिला सहसा तोंड लावत नाहीत. (उपाशी गुरांनी पाला खाल्लाच, तर यकृताला विषबाधा होते आणि उन्हाने कातडी सोलवटते.) लाकूडतोड आणि चराई तशीच सुरू राहणार असेल, तर काढणीचे कष्ट वाया जातात.

कोयत्याने वरून छाटणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला करा. खोड जिथे मुळात मिसळतं तिथे गाठीसारखा जाड भाग दिसेल. नवे फुटवे याच भागातून येतात. वरून एक फांदी छाटली, तर खालून चार उभ्या राहतात. म्हणून कुदळीने किंवा टिकावाने जमिनीखाली, गाठीच्या खाली, मुख्य मूळ तोडायचं आणि गाठीसकट झुडूप उचलायचं. मग ते उलटं, मुळं वर करून, दुसऱ्या झुडपावर किंवा दगडावर वाळत ठेवायचं. ओल्या मातीला टेकलेली फांदी पेरापाशी मुळं धरते, त्यामुळे आडवं टाकून निघून जाऊ नका. जमीन मऊ असते तेव्हा, म्हणजे पावसाळ्यात, हे काम निम्म्या जोरात होतं.

वणवा लावणं

आगीत वरच्या फांद्या जळतात, बुंधा जिवंत राहतो. गवत आणि देशी झाडांची रोपं मात्र जळून जातात. म्हणजे घाणेरीला हवी असलेली मोकळी, उन्हाची जागा आपणच तयार करून देतो.

पिकलेल्या फळांसकट फरफटत नेणं

काळी-जांभळी फळं बुलबुल, साळुंक्या खातात आणि बिया दूरवर पोचवतात. ओढत नेलेल्या ढिगाऱ्यातून त्या वाटभर सांडतात. फळं हिरवी असतानाच काम उरका. पिकली असतील, तर आधी घोस तोडून पोत्यात भरा.

दाट जाळीपासून सुरुवात करणं

दाट जाळी डोळ्यांत भरते म्हणून माणसं तिथेच तुटून पडतात, आणि हंगाम संपेपर्यंत तिथेच अडकतात. आधी तुरळक झुडपांचा चांगला भाग मोकळा करा, ओढ्याच्या वरच्या अंगाकडून खाली या, आणि दाट जाळी शेवटी घ्या. उतारावर समतल रेषेत पट्टे पाडून टप्प्याटप्प्याने काढा. सगळा उतार एकदम उघडा पडला, तर जोराच्या पावसात माती वाहून जाते.

जमीन उघडी ठेवणं

मोकळ्या झालेल्या मातीत घाणेरीची रोपं तर येतातच, शिवाय रानमोडी आणि गाजर गवतही घुसतं. काढणीनंतर लगेच मारवेल, पवना, डोंगरी अशा स्थानिक गवतांचं बी पेरा किंवा ठोंब लावा. गवत जमिनीवर पसरेपर्यंत तिथे गुरं सोडू नका.

पुढची किमान दोन-तीन वर्षं पावसाळ्यात फेरी मारावीच लागते. पूर्ण रान पालथं घालायची गरज नाही. पक्षी बसतात त्या झाडांखाली आणि पाण्याच्या वाहत्या वाटांवर आधी पाहा, कारण बिया तिथेच जास्त पडतात. समोरासमोर लागलेली खरखरीत पानं, चौकोनी खोड आणि पान चुरडल्यावर येणारा उग्र वास ही रोपाची ओळख. वीतभर रोप ओल्या मातीतून हाताने मुळासकट येतं. वर्षभर राहिलं, तर त्याच रोपासाठी कुदळ लागते.