बदली पॉइंट गार्ड निवडताना या चुका टाळा

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा सामना ४८ मिनिटांचा. मुख्य पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन हल्ला जुळवणारा खेळाडू, कितीही दमाचा असला तरी त्यातली ३४-३५ मिनिटंच खेळतो. उरतात साधारण १३ मिनिटं. ८२ सामन्यांच्या हंगामात त्यांची बेरीज हजाराच्या पुढे जाते, म्हणजे जवळपास २२ पूर्ण सामन्यांइतका वेळ. एवढा खेळ ज्याच्या हाती द्यायचा त्याची निवड मात्र अनेकदा सगळ्यात शेवटी होते, पगाराच्या मर्यादेत जे काही उरलं असेल त्यात. मग दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला दहा गुणांची आघाडी चार मिनिटांत विरघळते आणि खापर सगळ्या बेंचवर, म्हणजे बदली खेळाडूंवर फुटतं.

या निवडीत कळीचा प्रश्न एकच आहे: ही १३ मिनिटं तो कोणाबरोबर खेळणार? पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

गुणांची सरासरी बघून निवडणं

बेंचवरून येऊन पंधरा गुण करणारा गार्ड लगेच डोळ्यांत भरतो. जमाल क्रॉफर्ड आणि लू विल्यम्स या दोघांनी ‘सिक्स्थ मॅन ऑफ द इयर’ (सर्वोत्तम बदली खेळाडूचा) पुरस्कार प्रत्येकी तीनदा जिंकला, आणि दोघंही अफाट स्कोअरर होते. पण बेंचवरचा स्कोअरर आणि बदली पॉइंट गार्ड ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याने स्वतःसाठी शॉट काढायचा असतो. दुसऱ्याने बाकीच्या चौघांना त्यांच्या आवडीच्या जागी बॉल पोहोचवायचा असतो, आणि तोही वेळेत.

म्हणून त्याचे सामने बघताना शॉट क्लॉककडे, म्हणजे शॉट घेण्याची मुदत मोजणाऱ्या घड्याळाकडे लक्ष ठेवा. २४ सेकंदांपैकी बॉल अर्धरेषेपलीकडे न्यायला ८ सेकंद मिळतात. चांगला बदली गार्ड घड्याळात १८-१९ सेकंद बाकी असतानाच पहिला पिक अँड रोल (सहकारी पिक लावतो, म्हणजे बचावपटूची वाट अडवतो, आणि मग बास्केटकडे वळतो तो डाव) सुरू करतो. तो फसला तरी दुसऱ्या बाजूने आणखी एक डाव खेळायला वेळ राहतो. जो १३ सेकंद उरल्यावर सुरुवात करतो, त्याच्या संघाला एकाच प्रयत्नात सगळं साधावं लागतं आणि शेवटी कोणीतरी तोल सांभाळत वेडावाकडा शॉट मारतो. हे बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात) त्या गार्डच्या नावावर कधीच लागत नाही, मारणाऱ्याच्या नावावर लागतं.

दुसरी बघायची गोष्ट टर्नओव्हर, म्हणजे बॉल गमावणं. नुसता आकडा नको, प्रकार बघा. बॉल कोर्टबाहेर गेला तर निदान बचावाला परत फिरता येतं. पास मध्येच तोडला गेला तर समोरच्याला फुकटचा लेअप (बास्केटजवळचा सोपा शॉट) मिळतो. टायस जोन्सने मेम्फिसमध्ये जा मोरांटच्या मागे खेळताना याच बाबतीत नाव कमावलं. असिस्ट (ज्यावर गुण होतात तो पास) आणि टर्नओव्हर यांच्या गुणोत्तरात तो वर्षानुवर्षं लीगच्या माथ्यावर राहिला. २०२१-२२ च्या हंगामात मोरांट नसताना मेम्फिसने २५ पैकी २० सामने जिंकले. श्रेय एकट्या जोन्सचं नाही, तो संघच खोल होता. पण बॉल सुरक्षित राहिला म्हणूनच ती खोली कामी आली, असं माझं ठाम मत आहे.

मुख्य गार्डची छोटी प्रत शोधणं

ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते, कारण ती वरवर शहाणपणाची वाटते. स्टार्टर (सुरुवातीच्या पाचांतला मुख्य गार्ड) तीन गुणांच्या शॉटचा बादशहा असेल तर बदलीही तसाच आणू, म्हणजे डावपेच बदलावे लागणार नाहीत. प्रत्यक्षात मिळते ती तीच शैली, पण निम्म्या ताकदीची. आणि ज्या बचावाने आधीची आठ मिनिटं त्याच शैलीला तोंड दिलं, त्याला वेगळं काही करावंच लागत नाही.

गोल्डन स्टेटने स्टेफ करीच्या मागे शॉन लिव्हिंगस्टन ठेवला होता. सहा फूट सात इंचांचा हा गार्ड तीन गुणांच्या रेषेबाहेरून जवळजवळ शॉटच घेत नसे. तो बुटक्या गार्डला पाठीवर घेऊन आत सरकायचा आणि त्याच्या डोक्यावरून मिड-रेंज (मध्यम अंतरावरचा) शॉट टाकायचा. २०१६ च्या फायनल्समधल्या पहिल्या सामन्यात करीचे ११ आणि क्ले थॉम्प्सनचे ९ गुण झाले, तर एकट्या लिव्हिंगस्टनने २० केले. गोल्डन स्टेट तो सामना १०४-८९ असा जिंकला. करीसाठी आखलेला बचाव लिव्हिंगस्टनपुढे निरुपयोगी होता.

मग नेहमी उलट शैलीचाच खेळाडू घ्यायचा का? तसंही नाही. इंडियानाचं उदाहरण बघा. टायरिस हॅलिबर्टन लांबून पास देतो, दुरून शॉट मारतो. टी. जे. मॅकॉनेल ड्रिबल करत बास्केटखालून पलीकडे निघतो, पुन्हा वळतो आणि छोटा जम्पर (उडी मारून घेतलेला शॉट) टाकतो. हत्यारं वेगळी, पण वेग एकच: दोघंही बॉल मिळताक्षणी पळतात, त्यामुळे बाकीच्या खेळाडूंना आपली लय बदलावी लागत नाही. २०२५ च्या फायनल्समधल्या तिसऱ्या सामन्यात मॅकॉनेल बेंचवरून आला आणि १० गुण, ५ असिस्ट, ५ स्टील्स (समोरच्याचा बॉल हिसकावणं) करून गेला. त्यातल्या काही स्टील्स तर समोरचा संघ बेसलाइनवरून बॉल आत टाकत असतानाच झाल्या. इंडियानाने सामना ११६-१०७ असा घेतला.

तेव्हा वेग जुळला पाहिजे, शैली वेगळी असली तर उत्तमच. त्यानंतर बघायचं ते कोर्टवरच्या उरलेल्या चौघांकडे. कोच संघातल्या दुसऱ्या ताऱ्याला बेंचच्या चमूबरोबर ठेवणार असेल तर बॉल बराच वेळ त्याच्याच हातात राहील. तिथे बदली गार्डला कोपऱ्यातून उघडा शॉट मारता यायला हवा. दोन्ही तारे एकदमच बसणार असतील तर हल्ला शून्यातून उभा करणारा गार्ड लागतो. एकच खेळाडू पहिल्या परिस्थितीत अपयशी आणि दुसऱ्या परिस्थितीत लाखमोलाचा ठरू शकतो.

दोघांना एकत्र खेळवायचा विचारच न करणं

बदली म्हणजे स्टार्टर बसल्यावरच येणारा, हे गृहीतक महागात पडतं. २०११ च्या फायनल्समध्ये डॅलस मायामीविरुद्ध १-२ ने मागे होता. चौथ्या सामन्यापासून त्यांनी पाच फूट दहा इंचांच्या जे. जे. बरेयाला जेसन किडच्या जोडीला सुरुवातीच्या पाचांत घेतलं आणि पुढचे तिन्ही सामने जिंकून विजेतेपद मिळवलं. २०१९ च्या फायनल्समध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध टोरोंटोने काइल लाउरी आणि फ्रेड व्हॅनव्लीट यांना निर्णायक मिनिटांत एकत्रच ठेवलं. सहाव्या सामन्यात व्हॅनव्लीटने २२ गुण केले, त्यातले १२ शेवटच्या क्वार्टरमध्ये, आणि वर करीच्या मागे धावण्याचं कामही त्याच्याकडेच होतं. निवड करतानाच विचारा: हा बॉलशिवाय काय करतो?

ड्राफ्टचा क्रमांक आणि वय

बरेया, मॅकॉनेल, व्हॅनव्लीट, मॅथ्यू डेलाव्हेडोव्हा, जेरेमी लिन. पाचही जणांना ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत) एकाही संघाने निवडलं नव्हतं आणि पाचही जण कॉलेजचे चार हंगाम खेळून आले होते. हा योगायोग मला वाटत नाही. या जागेला लागणारी समज वयाबरोबर येते. एकोणीस वर्षांच्या गुणी मुलाला शिकण्यासाठी मिनिटं द्यायची असतील तर जरूर द्या, पण त्याला जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या तयारीच्या लीगमध्ये भरपूर खेळू द्या. जिंकायला निघालेल्या संघाची ती १३ मिनिटं त्याच्या प्रयोगांसाठी नसतात.

प्लेऑफचा बचाव विसरणं

हंगामात लपणारी कमी उंची प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) उघडी पडते. समोरचा संघ प्रत्येक वेळी तुमच्या सर्वांत बुटक्या गार्डच्या माणसालाच, म्हणजे तो ज्याला अडवतोय त्यालाच, पिक लावायला पाठवतो, स्विच करायला (बचावपटूंना आपापली माणसं अदलाबदल करायला) भाग पाडतो आणि त्याच्यावर आपला तारा सोडतो. उंची वाढवता येत नाही, पण तीन गोष्टी तपासता येतात. पिकभोवती तो किती वेगाने फिरतो, स्विच टाळायला तो पुढे येऊन क्षणभर अडवून परत आपल्या माणसाकडे पळू शकतो का, आणि पूर्ण कोर्टवर दबाव टाकून तो समोरच्यांचे चार-पाच सेकंद खाऊ शकतो का. मॅकॉनेलचा बचाव मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीवर उभा आहे.

बदलीचा बदली न ठेवणं

२०१५ च्या फायनल्समध्ये पहिल्याच सामन्यात क्लीव्हलंडचा मुख्य गार्ड कायरी अर्विंग याच्या गुडघ्याची वाटी मोडली. डेलाव्हेडोव्हा स्टार्टर झाला. क्लीव्हलंडने पुढचे दोन सामने जिंकले, तिसऱ्यात त्याने २० गुण केले आणि सामन्यानंतर पायांत गोळे येऊन शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. नंतरचे तिन्ही सामने गोल्डन स्टेटने घेतले. त्याच्या जिद्दीत काडीची कसर नव्हती, पण पंधरा-वीस मिनिटांसाठी घडलेल्या खेळाडूवर चाळीस मिनिटांचं ओझं पडलं होतं. तिसरा गार्ड लागतोच, आणि तो कोचच्या पद्धतीत बसणारा हवा. लिनला डिसेंबर २०११ मध्ये दोन संघांनी सोडलं होतं. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या पिक अँड रोलवर चालणाऱ्या हल्ल्यात त्याला संधी मिळाली आणि संघाने सलग सात सामने जिंकले.

घाईने दोष लावणं

गार्ड घेतला, पण दुसरी फळी अजूनही मार खातेय. आधी त्याचे प्लस-मायनस आकडे (तो कोर्टवर असताना संघाने केलेल्या आणि दिलेल्या गुणांतला फरक) बाजूला ठेवा. दहा सामन्यांतली १३० मिनिटं फार कमी असतात आणि त्यात निकाल लागून गेल्यावरची मिनिटंही मिसळलेली असतात. त्यापेक्षा व्हिडिओ लावा आणि बघा, बचाव बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात गोळा होऊन बसतोय का. तसं असेल तर चूक बहुधा गार्डची नाही, त्याच्याबरोबर शॉट न मारणारे दोन खेळाडू एकदम उभे आहेत. त्यातला एक बदलून पाहा. बॉल वर आणतानाच दमछाक होत असेल तर बॉल हाताळता येणारा एखादा विंग (कडेने खेळणारा) खेळाडू मदतीला द्या. उघडे शॉट मिळताहेत आणि नुसते चुकताहेत, तर काहीच बदलू नका. स्टार्टर आणि मुख्य सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) एकदमच बसत असतील तर त्यांचं बसणं दोन-तीन मिनिटांनी मागेपुढे करा.

हे सगळं करूनही पहिला पिक अँड रोल उशिराच सुरू होत असेल, पास तुटतच असतील, तर मात्र गार्ड बदलायचा. त्यासाठी फेब्रुवारीतली ट्रेडची (संघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत हाताशी असते. त्यानंतर उरतात ते इतर संघांनी सोडलेले खेळाडू, आणि १ मार्चनंतर सोडलेला खेळाडू दुसऱ्या संघातर्फे प्लेऑफ खेळू शकत नाही. टू-वे करारावरचा (एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळणारा) तरुण गार्ड आवडला असेल तर हंगाम संपण्याआधी त्याचा करार नेहमीच्या पूर्ण करारात बदला, नाहीतर प्लेऑफमध्ये त्यालाही खेळता येत नाही.