मंडळीचे ध्येयवाक्य कसे लिहावे

'देवाचे गौरव करणे आणि सर्वांवर प्रीती करणे' हे ध्येयवाक्य जगातल्या कुठल्याही मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) फलकावर शोभेल. अडचण तीच आहे. आपल्या मंडळीने नेमके कोणासाठी काय करायचे ठरवले आहे, ते यातून कळत नाही. आपला विश्वास काय, हे सांगायला प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत म्हटली जाणारी ख्रिस्ती विश्वासाची जुनी कबुली, आहे. त्याचा सारांश इथे नको.

सुरुवातीला पाच-सात जणांचा गट करा. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि मंडळीच्या कारभारातले एखादे वडील असतीलच. शिवाय महिला मंडळ व तरुण संघातले कोणी आणि नुकतेच मंडळीत आलेले एखादे कुटुंब घ्या. जुन्या सभासदांना सवयीने दिसेनासे झालेले नव्यांना चटकन दिसते.

पहिल्या बैठकीत प्रार्थनेनंतर बायबलमधले तीन शास्त्रभाग सावकाश वाचा: मत्तय 22:37-40, मत्तय 28:19-20 आणि प्रेषितांची कृत्ये 2:42. शेवटच्या वचनात पहिली मंडळी काय करत होती ते चार गोष्टींत येते: प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणे (प्रभूच्या स्मरणार्थ एकत्र भाकर खाणे), प्रार्थना. यांतले आपल्याकडे काय जोरात चालते आणि काय नावापुरते उरले आहे, हे प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावे. आधी बोलायला लागलात, तर सगळे पाळकांच्या मताला माना डोलावतील.

दुसऱ्या बैठकीला गेल्या वर्षाचा जमाखर्च आणि कार्यक्रमांची नोंदवही घेऊन बसा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. मंडळी तोंडाने 'सुवार्ता' (येशूचा संदेश इतरांना सांगणे) म्हणते आणि दानपेटीतला बहुतेक पैसा इमारतीवर जातो, असे आढळले तर ते उघड बोला. इमारत दुरुस्त करणे काही पाप नाही. पण खर्च बदलायचा की ध्येय, हे न ठरवता लिहिलेले वाक्य खोटे पडते. आसपास कोण राहते, हेही पाहा: एकटे वृद्ध, शिकायला आलेली मुले, रोजगारासाठी स्थलांतर केलेली कुटुंबे. यांपैकी कोणाकडे जाण्याइतके मनुष्यबळ आपल्यापाशी खरोखर आहे?

मसुदा मात्र एकानेच लिहावा. समितीने शब्द-शब्द जोडत बसलात तर सगळ्यांना खूश करणारा परिच्छेद तयार होतो. वीस-पंचवीस शब्द पुरेत, आणि क्रियापदे करता येतील अशी हवीत. उदाहरणार्थ: 'प्रभू येशूच्या मागे चालताना आम्ही वचन शिकतो, एकमेकांची ओझी वाहतो आणि परिसरातील एकाकी वृद्धांना आपल्या घरचे मानतो.'

मग परीक्षा घ्या. शब्बाथ शाळेतल्या (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गातल्या) मुलाला अर्थ विचारा. एखादा नवा उपक्रम मनात धरून पाहा, या वाक्याच्या आधारे त्याला 'नको' म्हणता येते का? येत नसेल तर पुन्हा लिहा.

मसुदा दोन-तीन रविवार सूचनांसाठी खुला ठेवून मग सभासदांच्या सभेत मंजूर करून घ्या. पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक मांडताना खजिनदारांनी आधी हे वाक्य वाचून दाखवावे, अशी नोंद त्याच ठरावात करा.