नॅकची फाइल वर्गातूनच भरा

मी कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकवतो. नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी राष्ट्रीय संस्था. तिच्या मागच्या तपासणीवेळी तास बुडवून आम्ही ‘गटचर्चे’चे जिओटॅग (जागेची नोंद असलेले) फोटो काढले. पोरांनी बाक गोल लावले, फोटो झाला, पोरं वडापाव खायला गेली. त्या फोटोत मीही हसतोय. आता उलटं करतो : आधी शिकवायचं, कागद मागून येतो.

नॅकच्या २०१७ च्या चौकटीत संलग्न कॉलेजांना १००० पैकी ३५० गुण अध्यापन-अध्ययन-मूल्यमापनाचे होते. म्हणजे मोठा वाटा आपल्याच तासाचा होता, बॅनरचा नव्हे.

पहिल्याच तासाला दहा प्रश्नांची चाचणी घ्या. कुणाला दशांश चिन्हापासून सांगावं लागणार ते त्यात कळतं. ‘स्लो लर्नर’ची, म्हणजे जास्त मदत लागणाऱ्या पोरांची यादी तिथंच तयार होते, ती वर्गात मात्र वाचून दाखवू नका.

‘अनुभवातून शिक्षण’ या रकान्यासाठी सहलच काढायला हवी असं नाही. आमची पोरं पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज वहीत उतरवतात. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. त्या आकड्यांवर चल सरासरी (लगतच्या काही दिवसांची, पुढं सरकत जाणारी सरासरी) काढली, की कालश्रेणी, म्हणजे काळानुसार मांडलेले आकडे, वेगळी शिकवावी लागत नाही. एकदा नदीकाठच्या चिखली गावचा एक पोरगा म्हणाला, “सर, आमच्यात फूट मोजत बसत नाहीत, म्हशी कधी हलवायच्या ते बघतात.” मग ३९ वरून ४३ ला जायला किती तास लागतात, यावरच अख्खा तास गेला. पुरावा म्हणून त्या वह्या पुरतात. फोटो एखादाच.

कोर्स आउटकम, म्हणजे विषय शिकून पोरांना काय यायला हवं, ते तीन-चारच लिहा, आणि पोरांना कळतील असे. अंतर्गत परीक्षेचे गुण प्रश्नवार मांडा. हे काम किचकट आहे, मीही टाळायचो. पण प्रमाण विचलनाच्या प्रश्नात निम्म्याहून जास्त वर्ग गळाला, तेव्हा पेपर अवघड नव्हता, माझं शिकवणं घाईचं होतं, हे एक्सेल शीटनंच दाखवलं. तो घटक परत घेतला. त्याची तारीखही टिपून ठेवा, फाइलीला लागते.

मेंटॉर-मेंटीच्या (एकेका शिक्षकाकडं काही पोरांची विचारपूस सोपवतात, त्या) फॉर्मवर नुसत्या सह्या घेऊ नका. गगनबावड्याच्या एसटीनं येणाऱ्या पोरीला पहिला तास का गाठता येत नाही, एवढं विचारलंत तरी बरंच कळतं.

नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाची मेल पोरांना थेट जाते. उत्तरं पढवू नका. त्यातला शेवटचा प्रश्न शिकवणं सुधारण्यासाठी सूचना मागतो. तो दिवाळीच्या सुट्टीआधी कोऱ्या कागदावर, बिननावानं विचारून घ्या. मला आलेली पहिली चिठ्ठी : “सर, फळ्याशी कमी बोला.”