वंशावळीच्या वेबसाइटला पैसे भरताय? आधी या चुका टाळा

मे महिन्यातली गोष्ट. नागपूरच्या बर्डीवर रसवंतीत ग्लास हातात घेतो न घेतो तोच फोन वाजला. क्रेडिट कार्डावरून साडेतेरा हजार रुपये वजा. कशाचे? वंशावळीच्या एका परदेशी वेबसाइटचे, वर्षभराच्या प्रीमियम सदस्यत्वाचे. चौदा दिवसांची फुकट चाचणी घेतली होती, कार्डाचा नंबर दिला होता आणि विसरलो होतो. बँकेने आदल्या दिवशी मेसेजही पाठवला होता. तो मी विम्याच्या जाहिरातींबरोबर पुसून टाकला.

आता पैसे गेलेच आहेत तर वसूल करू म्हणून पुढे वर्षभर त्या साइटवर बसलो. त्या वर्षात जे कळलं ते इथे लिहितोय. कारण हल्ली नागपुरात घरोघरी कोणीतरी खापरपणजोबा शोधतंय. काहींना हौस असते, पण बहुतेकांना मुलाच्या ॲडमिशनआधी जात पडताळणी हवी असते.

पहिली चूक: चाचणी आधी, तयारी नंतर

मी चाचणी सुरू केली तेव्हा माझ्याकडे आबाजींचं, म्हणजे आजोबांचं, नाव आणि गाव एवढंच होतं. पहिले आठ दिवस आत्याला, मोठ्या आईला फोन करून नावं गोळा करण्यात गेले, म्हणजे चाचणीचे दिवस फुकट गेले.

उलट करा. आधी घरातली म्हातारी माणसं गाठा. नाव, बापाचं नाव, गाव, अंदाजे साल, बायकांचं माहेर, हे सगळं वहीत उतरवा. मग शनिवारी सकाळी चाचणी सुरू करा आणि सदस्यत्व त्याच दिवशी रद्द करून टाका. बऱ्याच साइटवर रद्द केल्यावरही चाचणीची मुदत संपेपर्यंत वापर चालू राहतो. रद्द झाल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा आपोआप होणाऱ्या वजावटीची सूचना किमान 24 तास आधी येते. पण 15,000 रुपयांपर्यंतच्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही, हे लक्षात असू द्या. माझे साडेतेरा हजार त्या फटीतूनच गेले. शिवाय डॉलरमधल्या खर्चावर कार्डवाले साधारण 2 ते 3.5 टक्के मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. साइटवरची किंमत आणि बिलातली किंमत जुळत नाही ती यामुळे.

दुसरी चूक: “अब्जावधी नोंदी” वाचून भुलणं

नोंदी अब्जावधी असतीलही. त्या कुणाच्या, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

या साइटचा कणा म्हणजे नावनिशीवार जनगणना. अमेरिकेत जनगणनेचे मूळ कागद 72 वर्षांनी खुले होतात. 1950 ची जनगणना 2022 मध्ये खुली झाली. इंग्लंडात ही मुदत 100 वर्षांची, तिथली 1921 ची जनगणनाही 2022 मध्येच बाहेर आली. त्यामुळे तिकडच्या माणसाला आजीचं नाव टाकलं की घरातली सगळी माणसं, वयं आणि धंदे एका पानावर दिसतात. आपल्याकडे जनगणना 1872 पासून होतेय, पण आपल्या हाती येतात ते फक्त आकडे. 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 ने घरोघरच्या नोंदी पाहायला बंदी आहे. म्हणजे ज्या कागदावर त्यांचा अख्खा धंदा उभा आहे, तो कागदच आपल्या बाबतीत त्यांच्याकडे नाही.

पैसे भरण्याआधी एक काम करा. मोठ्या साइटवर संग्रहांची यादी सदस्य न होताही पाहता येते. तिथे भारत निवडा आणि काय काय आहे ते वाचा. नुसतं “महाराष्ट्र” टाकून थांबू नका. भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी 1854 मध्ये खालसा केलं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं. त्यामुळे जुन्या नोंदींवर “सेंट्रल प्रॉव्हिन्सेस” असा शिक्का असतो. चंद्रपूरचं “चांदा”, कामठीचं “कॅम्प्टी” आणि वऱ्हाडचं “बेरार” झालेलं असतं. यादीत भारताच्या नावाखाली बहुतेक करून चर्चच्या, लष्कराच्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नोंदी दिसतील. तुमचं घर त्यात बसतं का, हे दहा मिनिटांत कळतं.

तिसरी चूक: फॉर्म सांगेल तसं नाव भरणं

पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, असे तीन रकाने असतात. आपण मधल्या रकान्यात बापाचं नाव टाकतो. साइट ते त्या माणसाचंच दुसरं नाव समजते आणि भलत्याच गोविंदाशी सोयरीक जुळवते. बापाला वेगळी नोंद द्या, मधला रकाना रिकामा ठेवा.

आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका. वानखेडे डब्ल्यूने की व्हीने, ढोबळेत बी नंतर ए आहे की नाही, हे लिहिणाऱ्या बाबूवर होतं. शंका असलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि अनेक अक्षरांच्या जागी तारा टाकून शोधा. बऱ्याच साइटवर हे चालतं आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

बायकांचं आणखी अवघड. साइट धरून चालते की लग्नानंतर फक्त आडनाव बदलतं. आमच्या आजीचं माहेरचं नाव सासरी आल्यावर साफ पुसलं गेलं होतं, ते तिच्या भावाच्या सुनेकडून कळलं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीखाली पर्यायी नाव म्हणून नोंदवा, नाहीतर एकाच आजीच्या दोन आज्या होतात.

चौथी चूक, आणि माझी सगळ्यात मोठी: तहसीलीतला कागद परदेशात शोधणं

ऑगस्टपर्यंत माझ्या झाडात काहीच नवीन पान फुटलं नव्हतं. आत्या एकदा घरी आली, मला लॅपटॉपसमोर बसलेला पाहिलं आणि म्हणाली, “त्या डब्ब्यात काय शोधून रायला बावा? तहसीलीत जाय, कोतवाल बुकात पाह्य.”

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. आपल्याकडे गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायचा. ती वही म्हणजे कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी. जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. गाव आणि अंदाजे साल लिहून नकलेचा अर्ज करायचा. साल नेमकं माहीत नसेल तर आगेमागे पाच-पाच वर्षांचा शोध मागायचा.

अर्ज केला. तिसऱ्या खेपेला बाबूंनी वही काढून समोर ठेवली. पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या, शाई तांबूस झालेली, काही पानं मोडीत. आबाजींचा शाळेचा दाखला सांगतो, जन्म 1 जुलै 1921. वहीत 1921 ला काही नव्हतं. 1920 ला नाही. 1919 च्या पानावर एका ओळीत एवढंच होतं: मुलगा, बाप गोविंदा वल्द सखाराम, म्हणजे सखारामचा मुलगा गोविंदा.

आबाजींचं नाव त्या ओळीत नाहीच. असणार कसं? नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. अशा वह्यांत जागोजागी नुसतं “मुलगा” किंवा “मुलगी” लिहिलेलं असतं, ओळख पटते ती बापावरून आणि “वल्द” नंतरच्या आज्यावरून. मी इतके महिने आबाजींच्या नावाने शोधत होतो, आणि ज्या एकमेव कागदावर ते होते त्यावर ते बिननावाचे होते. पण त्याच ओळीने खापरपणजोबा हाती दिले: सखाराम. हे नाव आत्यालाही माहीत नव्हतं.

1 जुलैचं म्हणाल तर ती गुरुजींनी पोरगं शाळेत आलं तेव्हा अंदाजाने टाकलेली तारीख. अशा तारखांवर अडून बसू नका, साइटच्या शोधातही सालाला पाच वर्षांची सूट द्या.

तहसीलीखेरीज शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर पाहा. गावची शाळा बंद पडून दुसरीत विलीन झाली असेल तर रजिस्टर तिकडे गेलेलं असतं. शेती असेल तर बंदोबस्ताचे (जमिनीचा सारा ठरवतानाचे) कागद आणि अधिकार अभिलेख पाहा. मालगुजारी (सरकारला सारा भरणाऱ्या जमीनदारांची पद्धत) 1951 मध्ये गेली, त्याआधीच्या कागदांत मालगुजाराच्या खाली कुळांची नावंही सापडतात. शहरात घर असेल तर नझूलची (सरकारी मालकीच्या शहरी जागेची) पत्रिका. राज्य शासनाच्या “आपले अभिलेख” पोर्टलवर काही जिल्ह्यांचे जुने स्कॅन केलेले कागद थोड्या शुल्कात मिळतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचं “अभिलेख पटल” चाळायला तर पैसेच लागत नाहीत.

पाचवी चूक: साइटचं प्रिंट घेऊन पडताळणीला जाणं

रंगीत झाडाचं प्रिंट पुरावा म्हणून फाइलला लावणारे लोक मी स्वतः पाहिलेत. पडताळणीला वंशावळ शपथपत्रावर लागते आणि तिच्यातल्या प्रत्येक पायरीला मूळ नोंदीची नक्कल लागते. शिवाय नोंद किती जुनी हवी हे ठरलेलं आहे: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांत धर्माचा रकाना बदलला. अशा घरांनी आज्याचा आणि बापाचा दाखला शेजारी ठेवून मधला दुवा दाखवणारा कागद शोधावा. यातलं काहीही प्रीमियम पॅकेज देत नाही.

मग पैसे भरायचेच नाहीत का?

भरायचे, पण कोणी? ऑफिसातले माझे एक मित्र कामठीच्या जुन्या ख्रिस्ती घरातले. माझं सदस्यत्व वाया चाललंय म्हटल्यावर एका रविवारी माझ्याकडे येऊन बसले. संध्याकाळपर्यंत पणजोबांचा बाप्तिस्मा, त्यांच्या आईचं नाव आणि बापाची पलटण, सगळं मिळालं. सुरुवातीला सापडत नव्हतं, कारण आम्ही मुंबई इलाख्यात शोधत होतो. कामठीची छावणी 1821 ची आणि तिथे मद्रास फौजेच्या पलटणी असायच्या, म्हणून जुन्या नोंदी मद्रासच्या गठ्ठ्यात. हे इंडिया ऑफिसचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांचा मोठा भाग फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर दिसतो. त्याआधी फिबिसचा फुकट शोध करून पाहा. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांवर काम करणारी ती संस्था आहे.

म्हणजे छावणी, मिशन, रेल्वेतली अँग्लो-इंडियन घरं, किंवा शंभर वर्षांपूर्वी आफ्रिकेत-विलायतेत गेलेला कोणी पूर्वज, असं काही असेल तर एक महिन्याचं सदस्यत्व घ्या. वर्षाचं नको. महिन्याभरात काढायचं ते काढून होतं.

बाकीच्यांनी आधी फॅमिलीसर्च पाहावं. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चचं आहे, पूर्ण फुकट. तिथे हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या, यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावं लिहिलेल्या वह्यांचे फोटो आहेत. नाव टाकून काही येत नाही, पानं चाळावी लागतात. त्यापेक्षा काशी-प्रयाग-गयेला कोणी चाललं असेल तर त्यालाच सांगा. पंडा आधी गाव विचारतो, मग वही काढतो.

नुसतं झाड मांडायला तर पैसे लागतच नाहीत. मायहेरिटेजवर 250 माणसांपर्यंत फुकट होतं, ग्रॅम्प्स हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे आणि देवनागरी चालतं.

जाता जाता दोन किरकोळ पण महाग चुका

दुसऱ्याच्या झाडातून फांदी उचलून आपल्याला लावू नका. एका सूचनेवर टिचकी मारली आणि आमचं घराणं थेट भोसल्यांच्या दरबारात जाऊन बसलं होतं. पुरावा पाहिला तर तोही दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवत होता. डीएनए किट त्याच पठडीतलं. आपल्या भागातल्या लोकांनी चाचणी केलेलीच कमी, त्यामुळे जवळचं नातं जुळत नाही. आणि थुंकी पाठवण्याआधी आठवा, 23अँडमी ही या धंद्यातली मोठी कंपनी. 2023 मध्ये तिच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि मार्च 2025 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

सदस्यत्व संपण्याच्या आठवडाभर आधी झाडाची जेडकॉम (GEDCOM) फाइल, म्हणजे वंशावळीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल, उतरवून घ्या. तिच्यात नावं-तारखा-नाती येतात, फोटो आणि कागदांच्या प्रतिमा येत नाहीत. त्या एकेक करून वेगळ्या जतन करा, कारण काही साइटवर झाड दिसत राहतं पण त्याला जोडलेला कागद पैसे थांबले की उघडत नाही.

माझ्या फाइलमध्ये आज 143 नावं आहेत. त्यातली वेबसाइटवरून आलेली दोन, आणि ती दोन्ही न्यू जर्सीतल्या पुतण्याने स्वतःच भरलेली.