डीप बाईटचे ब्रेसेस निघाल्यावर दात परत जुन्या जागी जाऊ नयेत म्हणून काय करायचं

ब्रेसेस निघाले की सगळ्यांना वाटतं सुटलो, पण डीप बाईटवाल्यांनी खरं जपायचं ते इथून पुढे. वरचे पुढचे दात खालच्यांना साधारण २-३ मिमी झाकतात ते नॉर्मल, त्याहून बरंच जास्त झाकलं तर डीप बाईट, आणि तो सुधारला तरी थोडाफार परत खोल व्हायला बघतोच, कारण दात तंतूंनी धरलेले असतात आणि हिरडीतल्या लवचिक तंतूंना नवीन जागेची सवय व्हायला वर्षभरसुद्धा लागतं, तोवर ते दाताला मागे ओढत राहतात.

एक गोष्ट ब्रेसेस काढायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, नंतर विचारून उपयोग कमी. खालचे पुढचे दात वरच्यांच्या मागच्या बाजूला नीट टेकतायत का? टेकायला आधार नसेल, किंवा वरचे-खालचे दात फारच उभे राहिले असतील, तर ते हळूहळू एकमेकांवरून सरकत जातात आणि बाईट पुन्हा खोल होतो. अशा वेळी वरच्या रिटेनरमध्ये (ब्रेसेसनंतर दात जागेवर धरून ठेवायला घालायचं, काढता येणारं साधन) पुढच्या दातांमागे सपाट बाईट प्लेन, म्हणजे एक छोटा सपाट कट्टा, करून देतात, खालचे दात त्यावर टेकतात आणि वर सरकत नाहीत. माझ्या मते डीप बाईटमध्ये हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच विचारायचा राहून जातो.

रिटेनर पहिले काही महिने जवळपास पूर्ण दिवस, जेवताना आणि ब्रश करताना काढायचा, मग डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त रात्री. किती वर्षं? दात सरळ हवेत तोवर. टीनएजर असेल तर जबड्याची वाढ थांबेपर्यंत अजिबात ढिलाई नको, वाढीतही बाईट बदलतो. गरम पाण्यात धुवू नका, प्लास्टिक वाकडं होतं.

खालच्या दातांमागे तार चिकटवली असेल तर ती रोज जिभेने चाचपा, एका दातावरून सुटली तर दुखत नाही, कळतही नाही, आणि तेवढाच दात गुपचूप फिरतो.

महिन्यातून एकदा मागचे दात मिटून समोरून फोटो काढा, दरवेळी सारखाच अँगल ठेवा. खालचे दात आधीपेक्षा कमी दिसायला लागले, किंवा रात्री रिटेनर घालताना घट्ट वाटला, तर त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या.