नव्या मराठी शिक्षिकेला आधार देताना या चुका टाळा

सहावीचा वर्ग. चाळीस मुलं, त्यांतल्या सात-आठ जणांच्याच घरी मराठी बोललं जातं. फळ्यासमोर एम. ए., बी. एड. होऊन पहिल्यांदाच नोकरीला लागलेली शिक्षिका. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्यानं ती लागू होत गेली, आणि असे वर्ग इंग्रजी माध्यमाच्या शाळांत नेहमीचे झाले. अशाच एका शाळेत मी मराठी विभाग पाहते. नव्या शिक्षिकांना उभं करणं हा माझ्या कामातला मला सर्वांत जवळचा भाग आहे. त्यात माझ्याकडून झालेल्या आणि इतर विभागप्रमुखांकडून होताना पाहिलेल्या चुका इथे लिहिते.

‘होईल हळूहळू सवय’ म्हणून सोडून देणं

पहिल्या पंधरवड्यात ती स्टाफरूममध्ये येऊन म्हणते, “मॅडम, या मुलांना काहीच येत नाही.” आपण चहा पुढे करतो, धीर देतो आणि आपल्या तासाला निघून जातो. धीर हवाच असतो, पण उद्या सकाळी ती पुन्हा त्याच वर्गात जाणार असते.

त्याऐवजी तिला विचारा, “मुलं नेमकं काय बोलली? तीन वाक्यं आठवून सांगा.” ती सांगते: ‘ही माझी पुस्तक आहे.’ ‘मी शाळामध्ये जातो.’ ‘आई म्हणते, चांगली शिक्षा घे.’ आता ही वाक्यं दोघींनी मिळून बघा. पहिल्या मुलानं ‘पुस्तक’ला हिंदीतलं लिंग लावलंय. दुसऱ्याला सामान्यरूप ठाऊक नाही, ‘शाळा’चं ‘शाळे-’ होतं हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. तिसऱ्याच्या मनात हिंदीतली ‘शिक्षा’ आहे, म्हणजे शिक्षण. ‘काहीच येत नाही’चे असे तीन वेगळे तुकडे झाले, की तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिलाय. प्रत्येक तुकड्यावर काहीतरी करता येतं.

तिची यात चूक काहीच नसते. तिचे सराव पाठ बहुतेकदा घरी मराठी बोलणाऱ्या मुलांसमोर झालेले असतात. मराठी तिला उत्तम येते, पण बाहेरून येणारा माणूस मराठीत कुठे अडखळतो, हे तिला कधी बघायलाच मिळालेलं नसतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात तिच्यासोबत एक ऑफ पिरियड बसून वर्गाच्या घरभाषांची यादी करा. ही यादी फार कामाची आहे. गुजराती मुलाला ‘ळ’ घरूनच येतो, तीन लिंगंही येतात, आणि ‘आपण’-‘आम्ही’ हा फरकही, कारण त्याच्या घरी ‘आपणे’ आणि ‘अमे’ आहेत. तमिळ मुलाकडेही ‘ळ’ आहे आणि ‘नाम’-‘नांगळ’ आहे. हिंदी बोलणाऱ्या मुलाकडे मात्र दोन्हींसाठी एकच ‘हम’. मग ‘आपण’-‘आम्ही’च्या दिवशी जोड्या लावताना हिंदी घरातल्या मुलाशेजारी गुजराती किंवा तमिळ घरातलं मूल बसवायचं. एरवी मराठीच्या तासाला खाली मान घालून बसणारी तमिळ मुलगी दुसऱ्याला समजावून सांगताना पाहिली, की नव्या शिक्षिकेला आपला वर्ग वेगळाच दिसू लागतो.

तिच्या वर्गात आपण बोलणं

ही माझी चूक. काही वर्षांपूर्वी मी एका नव्या शिक्षिकेच्या तासाला शेवटच्या बाकावर बसले होते. एका मुलानं विचारलं, “तो फळा, ती वही, मग ते पुस्तक का?” ती क्षणभर थांबली. मी मागून उत्तर दिलं. चाळीस माना मागे वळल्या. पुढचे कित्येक दिवस मुलं तिला विचारत राहिली, “मोठ्या मॅडमना विचारून येऊ का?” तिचा वर्ग मी तिच्या हातून काढून घेतला होता. मी तिची माफी मागितली, तिनं मोठ्या मनानं ‘विषय संपला’ म्हणून ते सोडूनही दिलं, पण तो वर्ग पुन्हा तिचा व्हायला दिवाळी उजाडली.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: तासाला जाण्याआधी तिलाच विचारायचं, “मी आज काय बघू?” ती म्हणाली, ‘मागच्या बाकांवरची मुलं बोलतात का ते बघा,’ तर तेवढंच बघायचं. वर्गात तोंड उघडायचं नाही, भराभर वहीत लिहीत राहायचं नाही. त्याच दिवशी, ती घरी जायच्या आत, दहा मिनिटं बोलायचं, आधी तिनं आणि मग मी. बारा चुकांची यादी तिच्या हातात दिली, तर ती रात्रभर ती यादीच उगाळत बसते.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर असंच आहे की कारण नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून कुठलाही शब्द फळ्यावर एकटा लिहायचा नाही. ‘ते घर’, ‘तो डबा’, ‘ती बाटली’, असा जोडीनंच लिहायचा. हे आपण तासाच्या आदल्या दिवशी सांगायला हवं होतं, तासात नव्हे.

आपलं टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, तिला देणं

प्रेमानंच देतो आपण, वेळ वाचावा म्हणून. पण त्यात आपला वेग असतो, आपले प्रश्न असतात. वर्गानं वेगळीच वाट धरली की तिला पुढे काही सुचत नाही. महिन्यातून निदान दोन टाचणं शेजारी बसून तिच्याकडूनच लिहून घ्या, आणि एकच प्रश्न विचारा: पस्तीस मिनिटांत मुलं किती वेळा मराठीत बोलतील?

‘वर्गात हिंदी बोलू नका’ अशी ताकीद देणं

ताकीद दिली, की ती आपण समोर असतानाच हिंदी टाळते. आधी बघा, ती हिंदीवर कुठे घसरते. माझा अनुभव असा, की धडा ती मराठीतच शिकवते, पण सूचना हिंदीत देते. म्हणून सूचनांची आठ-दहा वाक्यं तिच्याबरोबर पक्की करा: वह्या काढा, पान उघडा, जोडीनं बोला, हात वर करा. प्रत्येक वाक्याला एक हातवारा. हे दोन आठवडे न चुकता केलं, तर मुलं हातवाऱ्याशिवायही उठतात-बसतात.

सर्वांत अवघड तुकडी नव्या माणसाला देणं

वेळापत्रक लावताना जुन्या शिक्षकांचा आग्रह असतो, म्हणून हे घडतं. तिथे विभागप्रमुखानं ठाम राहावं, आणि पहिलं वर्ष ती तुकडी स्वतः घ्यावी. वह्यांचंही तेच. पाच तुकड्यांच्या दोनशे वह्यांतली प्रत्येक चूक लाल करत बसली, तर टाचण लिहायला तिला रविवारही पुरत नाही. या आठवड्यात फक्त लिंग तपासा, पुढच्या आठवड्यात फक्त सामान्यरूप, असं तिला तुम्हीच सांगा. वह्या अशा का तपासल्या, हे पालकांना कळवायचीही जबाबदारी तुम्हीच घ्या.

पालकसभेत तिला एकटं बसवणं

पहिल्या पालकसभेला तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. उत्तर मात्र तिलाच देऊ द्या. गेल्या वर्षी एका वडिलांनी विचारलं, “घरात कुणालाच मराठी येत नाही, अभ्यास घ्यायचा कसा?” तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, बोलले काहीच नाही. मग ती म्हणाली, “अभ्यास नका घेऊ, काका. भाजी आणायला जाताना त्याला बरोबर न्या, आणि भाव त्याला विचारू द्या.”