क्रेन शेवटच्या घडीत बिघडत नाही: ओरिगामीतल्या या चुका टाळा

दर काही दिवसांनी फोनवर तसाच एक फोटो येतो. अर्धवट घड्या घातलेला कागद, कडेला कुणाचा तरी अंगठा आणि खाली मजकूर: "ताई, आठव्या स्टेपला अडलेय, पुढे जातच नाही." मी आठवी स्टेप बघतच नाही. फोटो मोठा करून कोपरे बघते. घोळ बहुतेक तिथेच सापडतो. कागद मुळात चौरस नसतो, नाहीतर पहिल्याच कर्णाला टोकावर टोक आलेलं नसतं. ती मिलिमीटरभर चूक पुढच्या घड्यांमध्ये लपून राहते आणि टोकं बारीक, कागद जाड झाला की उघडी पडते. म्हणून अडलात तर लगेच दुसरा व्हिडिओ शोधू नका. कागद उलगडत मागे जा.

हे कुणालाच आवडत नाही. मागे जायचं म्हणजे झालेलं काम मोडायचं, आणि नव्याने लागलेल्या माणसाला आजच्या आज ड्रॅगन हवा असतो.

चौरस आहे का? नक्की?

आपल्याकडे घरोघरी असतो तो ए-फोर, 210 बाय 297 मिलिमीटरचा. आखूड कड लांब कडेवर आणायची, खालची पट्टी उरते ती जीभ फिरवून फाडायची, झाला चौरस! शाळेत होडी करायला हे चालायचं, कारण होडीला काही फरक पडत नाही. क्रेनला, म्हणजे कागदाच्या क्रौंच पक्ष्याला, पडतो. फाडलेली कड लुसलुशीत होते, ती कशावरही नेमकी टेकत नाही. कात्रीही सरळ जात नाही, तुम्हाला वाटतं तेवढी तर नाहीच. मी कटर आणि स्टीलची पट्टी वापरते, आणि एका वेळी एकच कागद कापते. दहा कागदांची चळत एकदम कापायचा मोह होतो, पण वरचा कागद आणि खालचा कागद यांत फरक पडतोच.

मग तपासायचं. लोक एका कर्णावर घडी घालतात, टोकं जुळली की खूश. त्याने फक्त शेजारशेजारच्या बाजू सारख्या आहेत एवढं कळतं. दोन्ही कर्ण जुळले तरी कागद शंकरपाळ्यासारखा तिरपा असू शकतो. तो पकडायला वहीसारखी मधोमध घडी घाला आणि दोन्ही टोकांना कडा एकमेकींवर बसतात का बघा. तीन घड्या, अर्धं मिनिट. विकतच्या पाकिटालाही हेच करा. "ओरिगामी पेपर, 15 सेंटिमीटर" असं छापलेली पाकिटं मी पट्टी लावून मोजली आहेत. एक बाजू पंधरा आणि दुसरी किंचित कमी, असं सर्रास असतं.

पावसाळ्याचंही सांगून ठेवते. मे महिन्यात कापून ठेवलेले चौरस जुलैत चौरस राहतीलच असं नाही. हवेतला दमटपणा कागद ओढून घेतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. मुंबई-कोकणात हे जास्त जाणवतं, कागद मऊ पडतो आणि घडीला धारच येत नाही. माझे कापलेले कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसकट असतात. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या मी फेकत नाही.

कागद

घोटीव कागद स्वस्त, चकचकीत आणि कुठल्याही स्टेशनरीत मिळणारा, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पहिल्या चार घड्यांपर्यंत छान दिसतो. मग घडी उलट्या बाजूला मोडायची वेळ आली की रंगाचा थर तडकतो आणि पांढरी रेघ उमटते. क्रेनच्या मानेवर ती हमखास येते. शिवाय तो गुळगुळीत असल्याने तुकडे एकमेकांत अडकवायच्या मॉडेलमध्ये निसटतो. भेटकार्डावर चिकटवायची फुलं करायला ठीक आहे. शिकायला साधा रंगीत झेरॉक्स कागद घ्या, 75-80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा), आणि मोठा चौरस कापा. कार्डशीट घेऊ नका. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला गेलात तर "ओरिगामीचा कागद" मागू नका, कागदाला हात लावून, एका कोपऱ्याची घडी घालून बघा. दुकानदार कुरकुरतो. कुरकुरू दे.

हवेत घड्या घालणं

मांडीवर, गादीवर, बसमध्ये उभ्याने. नको. टेबल हवं, नाहीतर फरशी. आधी कड कडेवर आणा, एका बोटाने धरून ठेवा, मग मधून बाहेरच्या बाजूला हलकं दाबा आणि जुळलंय अशी खात्री झाल्यावरच नख फिरवा. घाईत लोक आधी नख फिरवतात आणि मग "थोडं सरकवतात". सरकवलेल्या घडीच्या शेजारी पहिली घडी तशीच राहते आणि पुढे कागद त्या चुकीच्या रेषेवरच मोडतो.

आकृत्या न वाचणं

व्हिडिओला माझा विरोध नाही. पण नेमक्या वेळी करणाऱ्याचा हात कागदावर आडवा येतो, आणि पुढे काय होणार आहे ते दिसत नाही. छापील आकृतीत दिसतं. तुटक रेघ म्हणजे घडी आपल्याकडे, टिंब-रेघ म्हणजे घडी पलीकडे, गिरकी घेतलेला बाण म्हणजे कागद उलटा करा. जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावा यांनी हे बाण आणि रेषा रूढ केल्या, 1954 सालच्या त्यांच्या पुस्तकापासून. त्यामुळे जपानी वाचता येत नसलं तरी जपानी पुस्तकातून घड्या घालता येतात. इतकी सोय असताना लोक वीस मिनिटांचा व्हिडिओ मागेपुढे करत बसतात.

माझी सवय एकच: घडी घालण्याआधी पुढची आकृती बघायची. या घडीनंतर कागद कसा दिसायला हवा ते माहीत असेल तर घडी चुकत नाही. गिरकीचा बाण मात्र सुटतो, आणि तो सुटला की प्रिलिमिनरी बेस, म्हणजे क्रेनची सुरुवात होते तो मिटलेला छोटा चौरस, होतच नाही. त्यात कर्ण रंगीत बाजूने घालायचे, मग कागद उलटून मधल्या दोन घड्या पांढऱ्या बाजूने. चारही एकाच बाजूने घातल्या तर कागद मिटताना तटून बसतो. मग लोक जोर लावतात आणि मध्यबिंदूला भोक पाडतात.

गणपतीच्या आदल्या रात्रीची गोष्ट

एका सोसायटीत मखराच्या वर टांगायला कागदी गोळे करायचं ठरलं. सोनोबे युनिटचे, एका गोळ्याला तीस तुकडे. मित्सुनोबू सोनोबे यांच्या नावाने ओळखला जाणारा हा तुकडा सोपा आहे, मुलंही करतात, त्यामुळे मंडळींना वाटून देण्यासारखं याहून चांगलं मॉडेल नाही. प्रत्येक घरी कागद गेले. कुणीतरी हौसेने स्वतःचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने.

स्थापनेच्या आदल्या रात्री पिशव्या गोळा झाल्या आणि जोडाजोड सुरू झाली. अर्ध्या तासात भांडण. तुकडे एकमेकांत जाईनात. "कागद जाड आहे", "खिसा लहान आहे", "तुमच्या विंगने घाईत केलंय" असं सगळं झालं. एका काकांनी गोंदाची बाटली आणली. गोंद लावून बसवलेले तुकडे ओले झाले, खिसे चिकटून बसले, आणि तो गोळा कायमचा बाद.

झालं होतं असं. सोनोबेच्या तुकड्याला डावं-उजवं असतं. दोन कडा मध्यरेषेवर आणल्यानंतर समोरासमोरचे दोन कोपरे मोडायचे असतात, आणि कोणती जोडी मोडता त्यावर तुकडा डावीकडे झुकणार की उजवीकडे हे ठरतं. दोन्ही तितकेच बरोबर, पण एका गोळ्यात एकाच जातीचे हवेत. त्या कॅमेऱ्याने चित्र आरशातल्यासारखं उलटं टिपलं होतं. ज्यांनी व्हिडिओ बघून केले त्यांचे सगळे एकीकडे झुकलेले, ज्यांनी पुस्तकातून केले त्यांचे दुसरीकडे. वर समोर बसून शिकलेली मुलं होतीच. समोरचा करतो ते माणूस आरशात बघितल्यासारखं करतो, त्यामुळे त्यांच्यात दोन्ही जाती.

ओळखायची पद्धत: दोन तुकडे खिशांची बाजू वर ठेवून एकमेकांवर ठेवा. तिरप्या कडा तंतोतंत बसल्या तर एकच जात. नाही बसल्या आणि एक उलटा केल्यावर बसल्या, तर खुशाल समजा की तो दुसऱ्या जातीचा आहे. उलटा करून चालत नाही, खिसे मागच्या बाजूला जातात. रात्री अकरा वाजता सगळ्या पिशव्या ओतून दोन ढीग केले, डाव्यांचे गोळे वेगळे आणि उजव्यांचे वेगळे. टांगल्यावर कुणाला फरक कळला नाही.

त्यातही एका मंडळाने बारा तुकड्यांतच गोळा मिटवला आणि "उरलेल्या अठराचं काय करायचं" असं विचारत बसले. तीन तुकड्यांचा एक शंकू होतो, आणि असे पाच शंकू एका बिंदूभोवती यायला हवेत. चार आणलेत तर बारा तुकड्यांचा लहान गोळा तयार होतो, सहा आणलेत तर कागद सपाट पडतो, गोलाई येतच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून पाच मोजायची सवय लावा. जोडणी सैल वाटली तर कपड्याचे लहान चिमटे लावून ठेवा, शेवटचे तीन तुकडे बसले की गोळा आपोआप आवळतो. गोंद नाही. गोंद लागतो याचा अर्थ घडी चुकली आहे.

क्रेनच्या नेहमीच्या तक्रारी

बर्ड बेस, म्हणजे त्या छोट्या चौरसातून निघणारा लांबट शंकरपाळा, झाल्यावर खाली दोन टोकं असतात, मध्ये फट. मान आणि शेपटी त्या टोकांची. वरची दोन पाती पंखांची. उलट केलंत तर पंख काडीसारखे होतात.

खालची टोकं बारीक करताना कडा मध्यरेषेला अगदी चिकटवू नका, केसभर जागा सोडा. ती टोकं नंतर आत मोडून वर काढायची असतात, तेव्हा कागदाच्या जाडीला जागा लागते. पुस्तकात सरळ "मध्यरेषेपर्यंत" लिहिलेलं असतं, पण जागा सोडल्यावर मान किती टोकदार होते ते एकदा करून बघा.

आणि शेपटी ओढू नका! हा पंख हलवणारा पक्षी नाही. तो वेगळा, बर्ड बेसमधूनच निघतो, पण त्याची मान-शेपटी बारीक करत नाहीत. त्याला मानेच्या बुडाशी धरून शेपटी ओढायची. पार्टीत मुलं क्रेनची शेपटी ओढून फाडतात आणि मग मला नवा मागतात.

कात्री लावली की ओरिगामी नाही, असं ऐकवणारे मित्रही भेटतील. 1797 साली जपानमध्ये क्रेनवर जे पुस्तक छापलं गेलं, त्यात एकाच कागदाला चिरा देऊन एकमेकांना जोडलेले क्रेन आहेत. एवढं सांगा आणि चहा घ्या.

दुसऱ्याला शिकवताना

सगळ्यात वाईट चूक: समोरच्याच्या हातातून कागद घेऊन "दे, मी करून देतो" म्हणणं. त्याला काहीही येत नाही आणि तो पुन्हा बसत नाही. स्वतःचा वेगळा कागद घ्या, त्याच्यापेक्षा मोठा, आणि समोर नको, शेजारी बसा. पहिल्या बैठकीत क्रेन नको. टोपी, होडी, पाकीट, उडी मारणारा बेडूक पुरे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या विज्ञान केंद्रात राहून वर्तमानपत्राच्या टोप्या किती मुलांच्या डोक्यावर चढवल्या असतील! वर्तमानपत्र मोठं, फुकट, आणि बिघडलं तर वाईट वाटत नाही. घाई करणाऱ्या मोठ्यांनाही मी तेच देते.

मैत्रिणीच्या लग्नाला हजार क्रेन करायचा बेत असेल तर महिनाभर आधी नाही, खूप आधी सुरू करा. आणि मदतीला घेतलेल्यांचे क्रेन वेगळ्या डब्यात ठेवा.

आहेराची नोट

नोटेचा शर्ट किंवा फूल करून पाकिटात घालायची सध्या हौस आहे. सगळ्या आकृत्या अमेरिकन डॉलरच्या असतात, आणि लोक त्या दहाच्या नोटेवर करतात. डॉलर साधारण 156 बाय 66 मिलिमीटरचा, म्हणजे लांबी रुंदीच्या जवळजवळ 2.4 पट. आपली नवी दहाची नोट 123 बाय 63, दुपटीलाही किंचित कमी. शर्ट आखूड होतो, बाह्या उरतात आणि कॉलर पोटावर येते. शंभराची 142 बाय 66, तिच्यावर बरं जमतं. पाचशेची 150 बाय 66, ती डॉलरच्या सगळ्यात जवळची. दहाचीच नोट असेल तर तिला दोन चौरस शेजारी ठेवल्यासारखं धरून करता येणारं मॉडेल शोधा, शर्टाचा हट्ट सोडा. नोट कोरी घ्या, स्टेपल मारू नका, डोळे-बटणं काढायला पेन लावू नका. आणि घडी हलक्या हाताने घाला, कारण नवरा-नवरी ती दुसऱ्याच दिवशी उलगडून हॉलच्या हिशोबात देणार आहेत.